गुळवेलीवरचे पतंग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगते.

अडुसष्ट सालचा भाद्रपद. मुलुंडला आमच्या चाळीमागे पर्पेच्युआबायची वाडी होती, तिथे मी गुळवेल आणायला जायची. माझी कमल नऊ वर्षांची. तिचा ताप डॉक्टरांच्या औषधाला दाद देत नव्हता. हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून रोज गुळवेलीचा काढा पाजत होते.

कडुनिंबावर चढलेल्या त्या वेलीची पानं पार चाळण झाली होती. बोटाएवढे काळपट सुरवंट, अंगावर डोळ्यांसारखी वर्तुळं, मान खाली घालून खात बसलेले.

"याचा पतंग होतो गो," बाय म्हणाली. "बसला की सुकलं पान वाटतो. आतले पंख केशरी. मोसंबीला भोक पाडून रस पितो, पण अंडी घालायला त्याला गुळवेलच लागते. पिल्लं दुसरं काय खातच नाहीत."

मला तेव्हा किड्यांचं काय पडलं होतं! पानं त्यांनी खाल्ली, कांडं मी नेली. महिन्याभरात वेल संपली. कमलच्या घामालाही काढ्याचा कडू वास येऊ लागला होता.

एके दिवशी दिवेलागणीला घरात आम्ही दोघीच होतो. खिडकीशी पाचोळा सरकल्यासारखं वाजलं... आणि पतंग आत आले. एकामागून एक. स्टुलावर मोसंबी सोलून ठेवली होती, तिच्याकडे एकही गेला नाही. सगळे कमलच्या मानेवर, दंडांवर जाऊन बसले. मी पदराने हाकलले, ते हलेनात. नुसते केशरी पंख उघडत होते, मिटत होते. मग आपणहून निघून गेले.

मी कमलच्या कपाळाला हात लावला. थंडगार! मी तिच्या नाकाशी बोट धरलं. पण तिचा श्वास चालू होता. ताप उतरला होता. मी देवापुढे डोकं टेकून ढसाढसा रडले.

मग तिचं अंग पुसायला घेतलं. मानेवर, केसांखाली, खसखशीएवढी पिवळसर अंडी चिकटली होती. ओळीने.

कमलने माझं मनगट घट्ट धरलं.

"पुसू नको ना, आई..."

"अगं, किड्यांची अंडी आहेत ती!"

"माहितेय. पण बायच्या वाडीतली वेल संपली ना..."

महिनाभर ती अंथरुणातून उठली नव्हती. वेलीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पिल्लं उपाशी मरतील गं," ती समजुतीने म्हणाली. "मी आहे ना त्यांना."