संस्थापकांचं नाक

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या काखेत एक पाय होता. प्लास्टरचा, गुडघ्याखालचा, पाचही बोटं शाबूत. जिन्याच्या वळणावर तो वरून आला, मी खालून गेले, आणि त्या पायाचा अंगठा थेट माझ्या कपाळावर आपटला.

"अरे बापरे! लागलं का?"

"नाही, ठीक आहे मी," मी कपाळ चोळत म्हणाले.

"तुम्ही नाही हो... अंगठा!" आणि तो अंगठ्याला चीर गेली का ते बघू लागला.

अशा माणसाच्या प्रेमात कुणी पडतं का? मी तर मुळीच पडणार नव्हते. मला कामं होती.

आमच्या कलाविद्यापीठाच्या वर्धापनदिनासाठी इतिहासाचं दालन उभारायला मला तात्पुरतं नेमलं होतं. ते चांगलं झालं तर विद्यापीठाच्या संग्रहालयातली कायमची जागा मला मिळणार होती. कुलगुरूबाईंनी तसं तोंडावर सांगितलं होतं. ती जागा मला इतकी हवी होती की मी झोपेतसुद्धा पाट्या लिहीत होते.

इतिहास तसा झकास. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने घोड्यांच्या रिकाम्या तबेल्यात चित्रकलेचा वर्ग काढला. वर्गाची शाळा झाली, तिथे शिल्पकला आली, मग पलीकडच्या रस्त्यावरची संगीतशाळा येऊन मिळाली, मागोमाग नाटकवाले घुसले आणि सगळ्यांचं मिळून विद्यापीठ झालं. पण संगीतशाळेचा पियानो आत आणताना हमालांचा तोल गेला आणि दारातल्या संस्थापकांच्या पुतळ्याचं नाक उडालं. संगीतवाले म्हणतात अपघात. चित्रकलावाले म्हणतात, मुद्दाम! दोघं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

तेव्हापासूनची रीत अशी की शिक्षण संपवून बाहेर पडणारी शिल्पकलेची प्रत्येक तुकडी जुनं नाक उतरवते आणि संस्थापकांना स्वतः घडवलेलं नवं नाक बसवून जाते. उतरवलेली नाकं जपून ठेवायचं काम साचेघराच्या, म्हणजे पुतळे ओततात त्या खोलीच्या, प्रमुखाचं. म्हणजे त्या पायवाल्याचं. सगळे त्याला 'प्लास्टर' म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

"हे चौकोनी बघा," कपाट उघडून तो कौतुकाने दाखवू लागला. "त्या वर्षी पोरांना सगळंच चौकोनी दिसत होतं. आणि हे फुगलेलं, संपाच्या वर्षीचं."

"आणि खरं कुठलं?"

"सगळी खरीच की."

"मला मूळ नाक हवंय. मूळ!"

"त्याची पियानोखाली भुकटी झाली, इतिहासबाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस कायम असाच. आज मागितलेली चौकट परवा द्यायचा, आणि न मागितलेला चहा मात्र वेळेवर आणायचा. कपावर प्लास्टरची बोटं उमटलेली. वर विचारायचा, "गोड झालाय ना?" झालेला असायचा, हीच तर चीड!

मी पाट्या लावायला लागले की मध्येच म्हणायचा, "जरा डावीकडे वळता?"

"का?"

"उजेड... छान पडलाय."

"कशावर?"

"...भिंतीवर."

मी भिंतीकडे बघायचे. भिंतीवर काहीही नसायचं.

शेवटी संगीतशाळेच्या माळ्यावर मला एक जुना फोटो सापडला. संस्थापक, एका बाजूने, स्वच्छ. नाक सरळ आणि जाडजूड. यंदाच्या तुकडीच्या विनवण्या करून मी नाक बसवायचा त्यांचा हक्क मागून घेतला आणि फोटो प्लास्टरच्या हातात दिला. "हुबेहूब हवं. माझी नोकरी आहे यावर."

"शब्द देतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगदी गंभीरपणे.

उद्घाटनाला सगळं विद्यापीठ लोटलं होतं. पहिल्या रांगेत माझे आईबाबा. पुतळा दारातून दालनात आणला होता आणि नाक प्लास्टरने आदल्या रात्री पडद्याआडच बसवलं होतं, मीही ते पाहिलं नव्हतं. पुतळ्याखाली माझी पाटी: 'संस्थापकांचा मूळ चेहरा'. कुलगुरूबाईंनी पडदा ओढला. आणि लगेच माझ्या आईचा खणखणीत आवाज.

"अगंबाई! हे तर वन्संचं नाक!"

माझ्या आत्याचं नाक. मधोमध छोटा उंचवटा असलेलं. तेच देवाने मलाही दिलंय, आणि त्यावरून आई माझ्या लहानपणापासून उसासे टाकत आली आहे. साऱ्या दालनाने आधी संस्थापकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संगीतवाल्यांत कुणीतरी खो खो हसलं. शेजारीच टांगलेल्या फोटोतले सरळ नाकाचे संस्थापक माझ्याकडे रोखून बघत होते.

मी प्लास्टरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी... फोटोवरूनच केलं हो," तो पुटपुटला. "शपथ."

कुलगुरूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सोमवारी मी पुन्हा येते. तोवर नाक तरी बदला, नाहीतर पाटी. नोकरीचं तेव्हाच बघू."

मी त्याला जवळजवळ ओढतच साचेघरात नेलं. फोटो समोर उभा केला, माती पुढ्यात आपटली. "करा!"

त्याने केलं. उंचवटा आला. त्याने मोडून पुन्हा केलं. पुन्हा उंचवटा.

"अहो, आला परत!"

"दिसतोय मला."

"मग काढा ना!"

"हात ऐकत नाही!" तोही आता वैतागला. "तुम्ही समोर असलात तरी हेच होतं, नसलात तरी हेच. बघतो त्या म्हाताऱ्याकडे आणि बोटं... गेले कित्येक महिने मी दुसरं नाक पाहिलेलंच नाही, इतिहासबाई."

कोपऱ्यातला नळ टपटपत होता.

"हे सांगायला तुम्हाला कुलगुरू, माझे आईबाबा आणि अख्खं विद्यापीठ लागलं?"

"मला तरी कुठे माहीत होतं? पडदा ओढल्यावर मलाही कळलं."

मला त्याचा भयंकर राग आला होता. आणि आरशात ज्या उंचवट्याशी मी इतकी वर्षं भांडत आले, तो कुणाच्या तरी बोटांना पाठ झालाय म्हणून रडूही येत होतं. तो मला आवडत होता. केव्हापासून, ते मात्र इतिहासाचा अभ्यास करूनही मला सांगता येईना.

"आणा तो हात," मी म्हणाले. त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दोघांनी मिळून माती दाबली. "सरळ. म्हाताऱ्याचं नाक सरळ आहे."

"हो... सरळ," तो म्हणाला. तो फोटोकडे बघतही नव्हता, पण नाक जमलं.

सोमवारी कुलगुरूबाईंनी फोटो पाहिला, पुतळा पाहिला, आणि शेजारी मी मांडलेली कपाटातली सगळी नाकंही पाहिली. "पाटी राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हीही राहा. पण ते परवाचं नाक कुठाय?"

"ते मिळणार नाही," प्लास्टर म्हणाला आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला. बाई हसू दाबत निघून गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. तो घुटमळला, जवळ आला, आणि माझ्या कपाळाकडे बघत हळूच म्हणाला, "त्या दिवशी जिन्यात... तुम्हाला लागलं होतं का?"

"आत्ता विचारताय?" मी म्हणाले. "लागलं होतं. चांगलंच लागलं होतं."