शुक्रवारचा न्यूट

सत्तारभाईंच्या माशांच्या दुकानात शरच्चंद्र शिरला तो पाऊस चुकवायला. आत एक तरुणी त्यांच्याशी भांडत होती.

“भाई, हा न्यूट दिवसभर काचेवर चढतो, खात काहीच नाही. आजारी जनावर दिलंत मला!”

“मॅडम, माल अच्छा है. ये लायब्ररीवाले साहेब को पूछो, इनको सब मालूम.”

शरच्चंद्रला काहीच मालूम नव्हतं. तिच्या हातातल्या बरणीतला, पालीसारखा दिसणारा, नारिंगी पोटाचा हा पाण्यातला जीव त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. पण तिनं भिजल्या पापण्या उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि तो म्हणून गेला, “वाचून... सांगतो.”

तिचं नाव सुनीती. शाळेत विज्ञान शिकवायची, मोठ्या बहिणीकडे, आक्काकडे राहायची. शरच्चंद्रच्या वाचनालयाला शुक्रवारी सुट्टी, म्हणून तो शुक्रवारीच तिच्या घरी न्यूट बघायला जाऊ लागला. दर वेळी न्यूट टाकीच्या तळाशी निवांत फिरत असायचा.

“बघा, आठवडाभर धिंगाणा, आणि तुम्ही आलात की गुणी बाळ!” चिमट्यात गांडूळ धरून ती हसायची. “तुमच्यात काहीतरी आहे हं.”

“माझ्यात?... नसावं.”

“त्याला कळतं. काही माणसांनाच उशीर लागतो.”

शरच्चंद्रचे कान तापायचे. घरी येऊन तो पुन्हा न्यूटवरचं पुस्तक उघडायचा, आणि एक ओळ पुढे सरकायची नाही.

एका शुक्रवारी ती हसली नाही.

“नाशिकचं स्थळ आलंय. आक्का म्हणते, होकार कळव. मी तिला थांबवून ठेवलंय.” तिनं काचेवर बोट टेकवलं. “हा तुमच्यामुळेच शांत होतो ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण शरच्चंद्रला पंधरवड्यापासून पडलेलं कोडं नेमकं तेव्हाच सुटलं. टाकीमागच्या भिंतीवर तळवा ठेवून तो म्हणाला, “नाही हो... भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. शुक्रवारी तो बंद. एरवी भिंत थरथरते, पाणी थरथरतं, म्हणून तो वर पळतो. टाकी समोर हलवा. माझा... काही संबंध नाही त्यात.”

सुनीतीनं काचेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, “छान वाचलंत.”

आपण काय करून बसलो, हे त्याला घरी गेल्यावर उमगलं. सोमवारी सगळा धीर गोळा करून तो तिच्या घराचा जिना चढला. लूम धडधडत होते. तिनं दार उघडलं.

“तुम्ही... मला आवडता.”

“काय? ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!”

खालच्या चौकात तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

“टाकी!” तो ओरडला. “टाकी हलवलीत का?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली... वाट पाहावी तशी. आत न्यूट तळाशी शांत पडून होता.

“हलवली!” ती ओरडली. “मग... कळवू नाशिकला?”

हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं. बायका अजून वरच बघत होत्या. त्यानं हळूच मान डोलावली आणि तो जिना उतरू लागला.