सारसाचा डोळा

चंद्रकला घराच्या अंगणात किराणा दुकानाचा बोर्ड रंगवत होती आणि 'किराणा'तला शेवटचा काना ओढायचा राहिला होता, तेवढ्यात तो आला. सायकल भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि चोरीचा माल असावा तशी शर्टाच्या आतून पत्र्याची एक डबी बाहेर काढली.

"मधुकरराव पेंटर इथंच राह्यतात ना?"

राहतात, पण बाबा नाटक मंडळीचा पडदा रंगवायला लाखनीला गेलेत, असं तिने वर न बघताच सांगितलं. मग डबीकडे नजर गेली. चपटी, जाड पत्र्याची, वर एक बटण आणि एक कळ.

"उंदराचा पिंजरा आहे काय?"

त्याला राग आला. आणि राग आला की तो फार छान दिसतो, हे चंद्रकलेला त्या पहिल्याच दिवशी कळलं. बिचारीचं तिथेच चुकलं म्हणायचं.

तो एकोडीचा घनश्याम. घरी धानाची शेती, पण हा साकोलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि उरलेला सगळा वेळ गिटार वाजवायचा. गिटारीची एक खोड होती. हळू वाजवलं तर कुणाला ऐकू येत नसे, जोरात वाजवलं तर भोंगा किंचाळे. म्हणून त्याने जुन्या रेडिओंचे सुटे भाग जमवून ही डबी बनवली होती. कॉम्प्रेसर म्हणायचा तो तिला. झाकण उघडून त्याने आतला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक जोड दाखवला.

"जोरात वाजवलं का आतला बारका दिवा पेटते. समोरचा मणी तो उजेड पाह्यते अन् आवाज दाबते. हळू वाजवलं का दिवा मंद, आवाज मोकळा. फक्त दोघं अंधारात बसले पाह्यजे. डबी वरून रंगवाची हाये."

"दोघं अंधारात," चंद्रकला म्हणाली, "अन् रंग मी द्याचा?"

घनश्यामचे कान लाल झाले. त्याने डबी ठेवली, सायकल काढली आणि चेन पडलेली असताना तसाच रेटत निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो रंग वाळला का बघायला. वाळला नव्हता, हे बोटाने तपासून पाहिल्यावर त्याला कळलं. हिरव्या रंगात अंगठ्याचा हा एवढा ठसा. चंद्रकलेने कपाळावर हात मारला आणि पुन्हा एक हात दिला. तिसऱ्या दिवशी परत ठसा. असं चार दिवस चाललं. ऑइलपेंटला दोन हात पुष्कळ होतात, हे पेंटरच्या मुलीला काय सांगायचं? पण पाचवा हात देताना तिला अजिबात आळस आला नाही. सायकलची घंटा वाजली की ती ब्रश टाकून दाराशी जाई, आणि वाजली नाही की दिवसभर एक अक्षर सरळ येत नसे. दुकानदार कुरकुरू लागले.

शेवटी तिने डबीवर सारस काढला, भाताच्या बांधीत उभा असतो तसा, मान उंच केलेला. डोळा मात्र रंगाने काढावासा वाटेना. तिने खिळ्याने पत्र्याला बारीकसं भोक पाडलं आणि झाकण उघडून आतली काळी टेप ब्लेडने तेवढ्यापुरती कापली... म्हणजे दिवा पेटला की सारसाचा डोळा चमकेल.

तो चमकलाही. चंद्रकलेच्या घरच्या अंधाऱ्या ओसरीत घनश्यामने तार छेडली आणि सारस टक्क जागा झाला. घनश्याम इतका हरखला की डोळा कसा पेटला, हे विचारायचंच विसरला. एरवी रेडिओचा स्क्रूसुद्धा मोजून ठेवणारा माणूस! प्रेमात पडलं की अक्कल गहाण पडते ती अशी.

"आता भैय्यालाल मास्तर नाही म्हणणार नाही," तो म्हणाला.

हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं. गोंदियाचा ऑर्केस्ट्रावाला. एकोडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दुपारच्या कार्यक्रमाला तो घनश्यामची गिटार ऐकायला येणार होता. पसंत पडली तर होळीपर्यंत गावोगाव, आणि पुढे नागपूर. घनश्याम भराभरा सांगत सुटला. चंद्रकला ब्रश धूत राहिली. धुतलेला ब्रश तिने तीनदा धुतला. म्हणजे याला जायचंय! आणि त्याला धाडायची तयारी आपण पाच हात रंग देऊन करत होतो. त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. कूस बदलून बदलून चटईचं सूत निघालं.

भाऊबीज झाली आणि मंडई भरली. गाड्या, बैल, जिलेबीच्या कढया, पाहुण्यांची ही गर्दी. चंद्रकला वडिलांबरोबर पुढेच बसली होती. मंच पश्चिमेकडे तोंड करून, वर कापडाचं छत, आणि ऊन थेट घनश्यामच्या पायाशी. डबीवर.

त्याने पहिली तार छेडली. आवाज उठला आणि बोडीच्या पाण्यात दगड बुडावा तसा बुडाला. त्याने जोर लावला. आणखी बुडाला. भैय्यालाल मास्तरांनी शेजाऱ्याकडे पान मागितलं. वाऱ्याने छत फडफडलं, डबीवरून सावली सरकली, तेवढ्यापुरता सूर खणखणीत वर आला आणि पुन्हा गेला.

चंद्रकलेने डबीकडे पाहिलं. भोक! भर उन्हाचा उजेड मण्याला जाऊन भिडत होता आणि मणी आवाज दाबत होता. हे त्या मंडईत फक्त तिला ठाऊक होतं.

गप्प बसली असती तर? मास्तर गेले असते. घनश्याम एकोडीत राहिला असता. सायकलची घंटा रोज वाजली असती. हा विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला बोला. चांगला गाण्याच्या दोन ओळी रेंगाळला. मग तिने घनश्यामचं तोंड पाहिलं. घामाने निथळत तो तारांशी झगडत होता, आणि ते तिला बघवेना.

ती उठली. वडील "कुठं?" म्हणेपर्यंत ती मंचावर चढली होती. सगळ्या गावादेखत घनश्यामच्या पायाशी बसली आणि सारसाच्या डोळ्यावर तळहात ठेवला.

सूर एकदम मोकळा झाला.

"काय करून राह्यली?" वाजवता वाजवताच तो कुजबुजला.

"माही चूक झाकून राह्यली. तुमी वाजवा."

त्याने चप्पल काढून मागे सारली आणि वाजवू लागला... असा की जिलेबीवालासुद्धा झारा धरून उभा राहिला. शेवटच्या कडव्याआधी आवाज चढवायला त्याने पायाने कळ दाबली. अंगठा तिच्या बोटांना लागला. घरच्या वळणाला काय करणार? पाय लागला की नमस्कार! भर गाण्यात गिटार सोडून तो वाकला, तिच्या हाताला हात लावला आणि कपाळाला नेला. पूर्ण एक ठेका गेला. ढोलकीवाल्याने कसाबसा सांभाळला. बायकांच्या बाजूला अशी खसखस पिकली की चंद्रकलेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हात काही तिने काढला नाही.

गाणं संपल्यावर ती घाईने उठली. घनश्यामने वाट अडवली.

"खाली बसून राह्यती त मी कुठं जात होतो? काहून आली वर?"

"डबी बिघडली म्हणून तुमी राहाल..." ती म्हणाली, "असं राहणं मले नोको."

त्याने गळ्यातली गिटार उतरवली. इतके दिवस तिच्याशी जे बोलायचं होतं ते सगळं आत्ताच तोंडाशी आलं होतं, आणि नेमके भैय्यालाल मास्तर पान चघळत मंचावर आले. मागोमाग मधुकरराव. मास्तर खूश होते. सोमवारी गोंदियाला ये, म्हणाले.

"मंगळवारी येतो," घनश्याम म्हणाला. "सोमवारी आमचे माय-बाबा मधुकररावकडे जाऊन राह्यले."

मधुकररावांच्या भुवया वर गेल्या. हे त्यांना नवीनच होतं. घनश्यामच्या माय-बाबांनाही ते नवीनच असणार.

"कायले?" मास्तरांनी विचारलं.

घनश्यामने गिटारीची वायर गुंडाळायला घेतली. "तिले विचारा," तो कसाबसा म्हणाला.

मास्तर चंद्रकलेकडे वळले. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ओढणी सारखी केली.

"मागणी घालाले," ती म्हणाली.