भावाच्या शेजारची चौकट

माझे हात थरथरतात, म्हणून आता माऊस नकोच, असं भाचीनं ठरवलं.

"आत्या, तू माऊस धरतेस की त्याला आंघोळ घालतेस?" ती म्हणाली आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं, म्हणजे सगळं कीबोर्डवरूनच करता येईल.

आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या खाटेसमोर कॅमेरा लावला होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मी त्याच्यावर लक्ष ठेवायची. एकदा डॉक्टरांना निरोप लिहिताना निरोपाची विंडो कॅमेऱ्याच्या विंडोवर आली. भावाला ठसका लागून तो निळा पडला, तरी मला दिसलं नाही. भाची नेमकी आत गेली म्हणून वाचला.

त्यामुळे तिनं टायलिंग विंडो मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम टाकला. त्यात कुठलीच विंडो दुसरीवर चढत नाही. नवी उघडली की आधीच्या आक्रसून तिला जागा देतात. त्याचेही बरेच प्रकार निघाले. "वापरून बघ, हाताला बसेल तो ठेवू," भाची म्हणाली.

पहिला बरा वाटला. डावीकडे भाऊ, उजवीकडे डॉक्टरांचे निरोप. मग एका दुपारी दोघांच्या मध्ये एक चौकट दिसली. काळी, वर नाव नसलेली. मी ती बंद करायला गेले, तर डॉक्टरांचीच विंडो गेली. चौकट तिथंच.

"काहीतरी दाबलं असशील."

"दाबलं असेन बाई."

तिनं दुसरा टाकला. त्यात मुख्य विंडो मोठी राहते, बाकीच्या कडेला एकाखाली एक लागतात. चौकट आली, भावाला लागूनच. तिसऱ्यात तर आपण सांगितल्याशिवाय पडद्याची वाटणी होतच नाही. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, तरी ती आली. कुठल्या विंडो उघड्या आहेत, त्याची यादी भाचीनं काढून पाहिली. एकच होती, कॅमेऱ्याची. त्यानंतर तिनं माझी चेष्टा केली नाही.

चौकट रोज थोडी रुंद व्हायची, भावाची विंडो अरुंद. पण चित्र कापलं जात नव्हतं. कपाट, खाट, खिडकी, सगळं होतं. फक्त एकमेकांच्या जवळ आलं होतं.

मी आत गेले. खाट आणि कपाट यांच्यामध्ये खुर्ची टाकून मी त्याला भरवायची. खुर्ची आत जाईना.

"खाट कुणी सरकवली गं?"

"कोण सरकवणार?" भाची दारातून म्हणाली. खाट भिंतीला बोल्टनं बसवलेली होती.

भाऊ अंग चोरून, अगदी कडेला कुशीवर पडला होता. मागे निम्मी खाट मोकळी.

"नीट उताणा झोप की रे."

"जागा कुठंय, ताई?" तो कुजबुजला. "त्यालाच जरा सरकायला सांग ना."

त्याच्या पाठीमागची गादी दबलेली होती.

भाची लॅपटॉपकडे धावली. "नको हे वाटण्या करणारं. जुनंच टाकते परत, विंडोवर विंडो येणारं."

"अगं, थांब जरा." मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना.

"थांबू? बाबांना किती जागा उरलीये, पाहिलंस ना?"

तिनं जुनं टाकलं. चौकट गेली. पडदाभर कॅमेरा, खोली ऐसपैस, कपाट पुन्हा लांब. भाचीनं माझा हात घट्ट धरला.

खाटेवर कुणीच नव्हतं.

आम्ही आत गेलो. चादर कडेपर्यंत सपाट. भाची "बाबा, बाबा" करत खाटेखाली वाकली. खाली नुसती फरशी.

"ताई."

आवाज भावाचा होता. खाटेवरूनच आला, दबलेला.

"मी इथंच आहे गं. याच्या खाली."

मी चादर ओढली. खाली तशीच चादर. ती ओढली. तिच्याखालीही.

मी हात टेकवला. चादर सावकाश वर येत होती, खाली जात होती. भाऊ खालून बोलत होता, मधेच दम घ्यायला थांबत होता.

चादर थांबत नव्हती.