छत्रातलं दुसरं पान

दार लोटून घ्या आणि इकडे सरका. मोरेश्वर पाटणकर आपल्या साताऱ्याचा, माझ्या शेजारच्याच खोलीत राहायचा. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही, त्याने स्वतः मला सांगितलेली आहे. ज्याला भीती वाटत असेल त्याने आत्ताच आईकडे जावं. मधेच उठायचं नाही.

मोरेश्वर मासिकांतून प्रवासवर्णनं लिहायचा. १९६२ साली एका दिवाळी अंकासाठी तो तंजावरला गेला. फिरत्या लेखकाला येतात त्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे तोडगा होता. पोट बिघडू नये म्हणून पिशवीत मेतकूट आणि सुंठ. भाषा येत नसेल तिथे हातवारे आणि पाठ केलेले वीसेक शब्द. लिहायला काही सुचेना, तर बाजारात जाऊन भाजीचा भाव विचारायचा. म्हणे, घासाघीस सुरू झाली की गाव आपोआप बोलायला लागतं.

एकट्याने जेवण्यावर मात्र त्याला तोडगा सापडला नव्हता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरी घास उतरत नाही म्हणून गडी गावोगाव हिंडायचा, आणि तिथेही खाणावळीत भिंतीकडे तोंड करून जेवायचा. आम्ही मेले म्हणायचो, काय मजा आहे बुवा तुझी!

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत तो सेतुरामराव नावाच्या मास्तरांकडे उतरला. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिथलंच. मराठी जुन्या वळणाची आणि हेल तमिळ. मोरेश्वरला ओरत्तनाडूला जाऊन तिथलं मराठ्यांच्या काळातलं छत्र बघायचं होतं. छत्र म्हणजे वाटसरूंना फुकट जेवू घालणारी धर्मशाळा.

"आज नका जाऊं," सेतुरामराव म्हणाले. "आज आडी अमावास्या. पितरांचा दिवस. उद्यां मीच येतों बरोबर."

"अहो, लेख परवा टपालात पडायला हवा."

"मग उजेडांत परत या."

आपल्याकडे त्या दिवशी दिव्याची अवस होती. पूर्वी बायको समया घासून, पाटावर मांडून, त्याला हाक मारायची. हे सगळं आठवत तो बसमध्ये बसला. छत्र बघता बघता अंधार पडला, आणि शेवटची बस निघून गेली. एखादी बैलगाडी भेटेल या भरवशावर तो तंजावरच्या रस्त्याने चालू लागला.

दोन्हीकडे भाताची खाचरं. बेडकांचा आवाज. गाडी काही भेटली नाही. बरंच चालल्यावर रस्त्याच्या आत, झाडाखाली, दिवा दिसला.

लहानसं जुनं छत्र होतं. बाहेरच्या ओट्यावर, तिकडे त्याला तिण्णै म्हणतात, एक पन्नाशीची बाई उभी होती. नऊवारी नेसलेली.

"या. पाय धुवून घ्या," ती म्हणाली. "पान मांडलंय."

दिवसभर तमिळ ऐकून शिणलेल्या कानांना ते मराठी इतकं गोड लागलं, की ही बाई आपल्याशी मराठी का बोलली, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

आत केळीची दोन पानं मांडलेली होती. समोरासमोर. तिने वाढलं. भात, वरण, वर तूप. मग ती त्याच्या समोरच्या पानावर बसली.

"मज अंबा म्हणतात."

"इथे एकट्याच असता?"

"सडकेवर बस आली, तेव्हांपासून चालत कोण येतो? सगळे पुढें निघून जातात." ती हसल्यासारखी झाली. "पांथस्थ जेवल्यावांचून मज जेवतां येत नाही. छत्राची रीत."

"मग शेवटचं कधी जेवलात?"

तिने त्याच्या भाताकडे बोट दाखवलं.

मोरेश्वरने घास घेतला. भात वाफाळलेला होता. सहज त्याची नजर चुलीकडे गेली. चुलीत जुनी राख. राखेवर कोळ्याचं जाळं.

वारा आला. पानाची कड हलली. दिव्याची ज्योत हलली नाही.

त्याने तिच्या पानाकडे पाहिलं. भात कमी होत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

भात आणखी कमी झाला.

पळावं. पायांना कळत होतं, पळावं. पण पोरांनो, माणूस किती एकटा असतो बघा… चार वर्षांत त्याच्या समोर बसून कोणी जेवलं नव्हतं. त्याला रडू आलं. त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

जेवण संपलं. तिकडच्या खाणावळीत लोक जेवून झालं की पान मधोमध मिटतात, हे त्याने पाहिलं होतं. मिटायचं एवढंच पाहिलं होतं. त्याने पानाची पलीकडची कड उचलली, आणि आपल्याकडे मिटली.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आतां मी एकटी नाही," ती म्हणाली.

दिवा गेला.

…

सकाळी मोरेश्वरला जाग आली ती फुटक्या ओट्यावर. मागे छप्पर नव्हतं, चार भिंती आणि रुई माजलेली. हाताला तुपाचा वास येत होता.

सेतुरामरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं. "पान कोणीकडे मिटलांत?"

"माझ्याकडे."



"लग्नकार्यांत जेवलों तर आपल्याकडे मिटायचं," सेतुरामराव म्हणाले. "म्हणजे पुन्हां येऊं, नातं राहूं दे. मयताच्या घरीं पलीकडे मिटायचं. म्हणजे पुन्हां हें जेवण नको. तुम्ही तिला नातं सांगून आलांत. आज सांजेला जा. तिथें बसून शिदोरी खा, पलीकडे मिटून या. सुटाल."

संध्याकाळी मोरेश्वर शिदोरी आणि केळीचं पान घेऊन बसच्या थांब्यावर उभा राहिला. ओरत्तनाडूची बस आली. वाहकाने हाक मारली. मोरेश्वरने पाय उचलला… आणि परत खाली ठेवला. बस निघून गेली. तो तसाच स्टेशनवर गेला, आणि शिदोरी गाडीत उघडली. समोरच्या बाकावर कोणी नव्हतं. तरी तिथे त्याने अर्धी वाढली.

त्यानंतर तो पुष्कळ हिंडला. एकट्याने जेवायला लागतं अशी तक्रार पुन्हा कधी त्याच्या तोंडून ऐकली नाही. रात्री भिंतीपलीकडून त्याचं बोलणं ऐकू यायचं. मला वाटायचं, लेख मोठ्याने वाचून बघतोय.

१९६८ साली तो गेला. तोही दिव्याच्या अवसेलाच, इस्पितळात. माहुलीच्या घाटावर त्याला अग्नी देऊन आम्ही परतलो तेव्हा अंधार पडला होता. त्याच्या खोलीत दिवा ठेवायचा म्हणून मी कुलूप काढलं. खोली आठ दिवस बंद होती.

जमिनीवर केळीची दोन पानं होती. समोरासमोर.

त्याच्या जागेवरचं पान कोरं.

समोरचं जेवलेलं. हिरवंगार. मधोमध मिटलेलं… मयताच्या घरात, आणि तरी बसणाऱ्याने आपल्याकडेच मिटलेलं.

मी वाकून हात लावला.

पान कोमट होतं.