बारवेतला ओ

माठावरची पितळी ताटली खण्णकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. भिंतीकडे तोंड करून चाललेली सुचिताची पुटपुट थांबली. तिची चार वर्षांची चिमी माठातून पाणी घेत होती. निम्मं पेल्यात, निम्मं फ्रॉकवर.

"ताटली हळू ठेव न वं."

"तू भिंतीसंगं काहून बोलून राह्यली?"

"उद्याची तयारी करून राह्यली. लोकं येतात न माह्यासंगं, राजाचं गाव पाहाले."

"राजा भेटते?"

"राजा गेला माये. दगडं भेटतात."

दर रविवारी सकाळी सुचिता पाहुण्यांना जुनं वाशीम दाखवायची. अकोल्याची, हिंगोलीची माणसं यायची, कधी एखादी शाळा. त्या दिवशी तिचा नवरा दिनेश भाजीबाजारातून लवकर येऊन चिमीला सांभाळायचा. सुचितानं गळ्यात छोटा भोंगा अडकवला, की तो दारातच कमरेत वाकायचा. "निघाल्या राणीसाहेब! घोडा आनू का स्कूटी?"

देवळं, वेस, तलाव करत फेरी शेवटी राजबारवेत उतरायची. काळ्या पाषाणाची पायऱ्यांची ती विहीर सात-आठशे वर्षं जुनी. भर उन्हातून चार पायऱ्या उतरलं की घाम गार पडायचा. शेवाळाचा वास यायचा, कोनाड्यांतून पाकोळ्या सुटायच्या आणि खाली हिरवं पाणी हलत नसायचं.

तिथं घुमारा फार सुंदर होता. तो ऐकवायला बाकीचे गाईड टाळी वाजवत. सुचिताला टाळी कोरडी वाटायची. ती शेवटच्या पायरीवर उभी राहून हाक मारायची, "वत्सलाऽऽ!" हे गाव एके काळी वत्सगुल्म नावाची राजधानी होतं, हे ऐकून आलेल्या माणसांना ती हाक बरोब्बर लागायची. नाव मात्र तिच्या लेकीचं. पाळण्यात ठेवलेलं, आणि तिथंच राहिलेलं. घरीदारी सगळ्यांची ती चिमीच. इतकं गोड नाव, आठवड्यातून एकदा तरी कुणी मोठ्यानं घ्यावं, असं आईला वाटायचं.

नावाचं शेपूट बारव परत करायची. "...सलाऽ ...लाऽ."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर चढताना अकोल्याच्या एक बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी किती गोड ओ देते हो! खाली कुठं उभी केली होतीत?"

सुचिता हसली. गटात दोन-तीन मुलं होती, त्यांतलंच कुणीतरी असणार.

पुढच्या रविवारी गटात एकही मूल नव्हतं. तिनं हाक मारली. शेपूट आलं, विरलं. आणि मग, विसरून राहिल्यासारखं, पाण्याच्या अंगानं बारीक आवाजात आलं, "ओ."

पारवा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाहुण्यांनाही तेच सांगितलं.

त्याच सुमारास चिमी हाकेला वळेनाशी झाली. जेवायला बोलवा, खाऊ दाखवा, ती आपली खिडकीशी बसून राहायची. खांद्याला हात लावला की दचकायची, बघायची, पुन्हा तोंड फिरवायची. रात्री कुशीत घेतलं तर अंग कढत नव्हतं, गार लागायचं. डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले होते.

"मनावर घेऊ नको," दिनेश म्हणाला. पण त्या दिवसापासून दारातली त्याची थट्टा बंद झाली.

बारवेच्या तोंडाशी प्रयागबाईचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी. मळ्याच्या बांधावर बसून ती जुड्या बांधायची आणि फेरीतल्या बायकांना विकायची. सुचिताचं उतरलेलं तोंड पाहून तिनं विचारलं, आणि सुचितानं सगळं सांगून टाकलं.

प्रयागबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "तू खाली नाव घेते, थे पोरीचं हाये? मले वाटे राजाच्या रानीचं असन. बाई, शिकली सवरली तू! पान्याजवळून निंगताना आपन लेकराले नावानं हाक मारून संगं नेतो, 'चल घरी' म्हनतो. काहून? त्याचं काही मांगं राहू नये म्हनून. अन् तू दर आठोड्याले तिचं नाव टाकून येतं, अन् एकटीच घरी जातं!"

"मंग आता?"

"पोरीले कडेवर घे. खाली जा. नावानं हाक मार अन् म्हन, चल घरी. पाठ फिरव अन् घरापावतर मांगं पाहू नको."

सुचिता इतिहासात बी. ए. झाली होती. असल्या गोष्टी ती पाहुण्यांना लोकसमजूत म्हणून सांगायची. तरी बुधवारी, चिमीला अंगणवाडीत सोडून, ती बारवेत उतरली. चिमीला आणायचा धीर झाला नाही. ते निसरडं, ते पाणी, आणि लेकरू असं अंग सोडून दिलेलं. तिनं रिकामी कडच थोडी पुढं काढली, पदर तिच्याभोवती घेतला आणि म्हणाली, "वत्सला, चल बाई घरी."

घुमारा आला नाही.

ती वर चढली. पदर जरा जड वाटत होता. ओला झाला असेल, असं म्हणत ती मागं न बघता घरी आली.

आणि चिमी सुधारली! त्याच संध्याकाळी दिनेशनं हाक मारली, तर "ओऽऽ" म्हणत धावत गेली. दोन भाकरी खाल्ल्या, बापाच्या मिशा ओढल्या. सुचिता स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून रडली.

रविवारी पाहुणे बारवेत उतरले. आता लेकीचं नाव नाही, असं ठरवून तिनं टाळी वाजवली.

काही नाही.

एकानं "हॅलोऽ" केलं. आवाज उशीत दाबल्यासारखा तिथंच संपला.

"मॅडम, घुमतं म्हणाला होतात ना?"

पाकोळ्याही नव्हत्या. पहिल्यांदाच पाणी हललेलं तिनं पाहिलं. मधोमध एक वर्तुळ, आतल्या बाजूला मिटत जाणारं.

वर आली तर प्रयागबाई बांधावर उभीच होती.

"पोरगी कशी हाये?"

"बरी हाये. एकदम बरी."

"कडेवर घेतलं व्हतं न तिले?"

सुचिताचा हात पदराकडे गेला. प्रयागबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं, कमरेइतक्या उंचीवर पाहिलं. आणि जुड्या गोणपाटात भरायला लागली.

सुचितानं स्कूटी हाणली.

दार उघडं होतं. दिनेश खाटेवर गाढ झोपला होता. घरात गारवा होता, शेवाळाच्या वासाचा.

"चिमे?"

"ओ!"

आणि लगेच, तितकाच गोड, "ओ."

चिमी माठापाशी पाठमोरी उभी होती. ताटली काढून तिनं आत तोंड घातलं होतं. आईची चाहूल लागताच ती वळली. तिचे केस कोरडे होते, फ्रॉक कोरडा होता. तिनं ताटली माठावर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता.

"हे पाय, आता हळू ठेवतो मी."

"कोनासंगं बोलून राह्यली तू?"

"वत्सलासंगं."

सुचितानं तिला ओढून कडेवर घेतलं, घट्ट. ती उबदार होती. छातीवर डोकं टेकून ती थोडा वेळ बोटानं आईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

"आई, तिले तर तू घरी घेऊन आली. मंग आता तिथं खाली कोन राह्यन?"