पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी

रविवारी सकाळी अकराला फोन वाजला तेव्हा सुधाताई मेथी निवडत होत्या.

"ताई, मी उद्या कोर्टात येत नाहीये," पलीकडून स्मृती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. काहीच नव्हतं.

"काही खाल्लंस का?"

"ताई, मी काय सांगतेय..."

"ते ऐकलं. खाल्लंस का, ते विचारतेय."

"नाही."

"मी येते."

सुधाताई ग्वाल्हेरच्या महिला ठाण्यातून सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या तीन बायकांसोबत कोर्टाच्या तारखांना जात. तिघी लहानपणी एकाच मिशनच्या शाळेच्या हॉस्टेलमध्ये होत्या, आणि हॉस्टेल चालवणाऱ्या फादरने तिघींचंही बालपण नासवलं होतं. पंचवीस वर्षांनी त्यांनी तक्रार केली. हॉस्टेलचं जुनं रजिस्टर एका सिस्टरने स्वतः आणून दिलं, आणि महिन्याभरात तिची बदली झाली. दोघींच्या साक्षी झाल्या होत्या. उद्या स्मृतीची होती. ती मागे हटली, तर आधीच्या दोघींना खोटं पाडायला समोरच्या वकिलाला फार घाम गाळावा लागणार नव्हता.

सुधाताईंना राग यायचा केव्हाच बंद झाला होता. गरम चहाने जीभ पोळली की दोन दिवस चव कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. फक्त दोन दिवसांची दहा वर्षं झाली होती.

नया बाजारातल्या फ्लॅटचं दार स्मृतीच्या नवऱ्याने, यशोधनने उघडलं. टेबलावर एक लिफाफा पडला होता. काल टपालाने आला होता.

आत एकच कागद होता, हिंदीत टाइप केलेला. 'सोमवार को अदालत में मुँह मत खोलना। पेंसिल से लिखी चिट्ठी की कहानी पर कौन भरोसा करेगा? घर की इज़्ज़त का सोचो।'

"फादरच्या माणसांचं काम आहे," यशोधन म्हणाला. "और कौन करेगा?"

सुधाताईंनी लिफाफा उलटा केला. पत्ताही टाइप केलेला होता, वर नाव 'सीमंतिनी'.

"ही सीमंतिनी कोण?"

"मीच," स्मृती म्हणाली. "लग्नात नाव बदललं होतं. तांदळाच्या ताटात लिहिलं, पेढे वाटले, संपलं. आधार कार्ड, बँक, सगळीकडे स्मृतीच आहे."

"आणि तक्रारीत?"

"तिथेही स्मृती. शाळेत तेच होतं ना."

"यशोधन, तुम्ही काय हाक मारता?"

"स्मृती. आई सीमंतिनी म्हणायची. ती जाऊन चार वर्षं झाली."

सुधाताईंनी पोह्यांची बशी स्मृतीपुढे सरकवली. दोन घास पोटात जाईपर्यंत त्या गप्प बसल्या. जे घडलं ते त्या कुणालाच दुसऱ्यांदा विचारत नसत. आजूबाजूचं तेवढं विचारत.

"जबाबात तू सांगितलंयस, घरी एक चिठ्ठी पाठवली होती."

"हो. आमची दर महिन्याची पत्रं वॉर्डन वाचायची, मगच टपालात पडायची. म्हणून ही मी स्वयंपाकघरातल्या बाईंकडे दिली. त्यांनी पेटीत टाकली. पण घरी पोचलीच नाही. पंधरा दिवसांत त्या बाईंनाही काढून टाकलं."

"कशाने लिहिली होतीस?"

"पेन्सिलने. पेनं फक्त अभ्यासाच्या तासाला मिळायची."

"हे जबाबात आहे?"

"नाही. कुणी विचारलंच नाही."

"यशोधनना सांगितलंस?"

"नाही." ती घास हातात धरून थांबली. "आज पहिल्यांदा बोलतेय."

सुधाताई दुपारी खासगी बाजारात, स्मृतीच्या माहेरी गेल्या. वडील पांडुरंगराव कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आदराने खुर्ची दिली. धाकटा भाऊ तरुण पाणी घेऊन आला.

"उद्याचं काय ठरलंय?" पांडुरंगरावांनी विचारलं. "सीमंतिनीला आता हे झेपणार नाही, सुधाताई. जाऊ द्या. झालं ते झालं."

"बाबा, सीमंतिनी काय? सगळे स्मृती म्हणतात," तरुण म्हणाला. "दीदीला खुद आवडत नाही ते नाव."

"मुलगी दिली की दिलेल्या घरचं नाव घ्यावं. रीत असते. तुम्हा पोरांना नाही कळायचं."

सुधाताई पाणी प्यायल्या. "हॉस्टेलमधून तिची पत्रं यायची?"

"यायची की. महिन्याला एक. खुशालीची."

"एखादं वेगळं?"

"नाही. तसं काही आलं नाही." उत्तर फारच झटकन आलं.

"तरुण, तुला काही आठवतं?"

"मी तेव्हा पहिलीत होतो, ताई. आईला पण काही माहीत नसेल. ती त्या साली नानीकडे पुण्यात होती, बीमार थी."

सुधाताई उठल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी स्वतःला चाचपून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

चार वाजता त्या पुन्हा स्मृतीसमोर बसल्या.

"पत्र कुणी पाठवलं ते कळलंय. सांगू, की नको? तू ठरव. ऐकून बरं वाटणार नाही."

"बरं वाटायचं मी सोडलंय. सांगा."

"मग खासगी बाजारात चल."

स्मृतीने चपला घातल्या. यशोधनने स्कूटर काढली, सुधाताई रिक्षाने गेल्या.

पांडुरंगराव तिथेच बसले होते. सुधाताईंनी लिफाफा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही टाइप करून घेतलंत. नई सडकवर टायपिंगची दुकानं आहेत, मी अजून चौकशी केलेली नाही. करायला लावू नका."

"काय बोलताय? हे फादरच्या लोकांनी..."

"मलाही आधी तेच वाटलं. पण त्यांच्याकडे तक्रारीची नक्कल आहे, आणि त्यात ही स्मृती आहे. सीमंतिनी हे नाव त्यांना ठाऊकच नाही. ते फक्त सासरला आणि माहेरला ठाऊक. सासरची माणसं ही चिठ्ठी लिहिली गेल्यावर बारा वर्षांनी भेटली."

"म्हणून मी?"

"पत्रात पेन्सिल आहे. हिने ते आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने ती चिठ्ठी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे ती पोचली. या घरात पोचली. आई पुण्याला, तरुण सहा वर्षांचा. उघडणार कोण?"

पांडुरंगरावांनी लिफाफा पालथा घातला.

"धमकी द्यायची, तरी लिफाफ्यावर मुलीचं माहेरचं नाव लिहायला तुमचा हात धजला नाही. सासरी जाणारं टपाल. रीत असते. दुपारी तुम्हीच म्हणालात."

"बाबा?" तरुण म्हणाला.

"एक उरलं," सुधाताई म्हणाल्या. "चिठ्ठीनंतर पंधरा दिवसांत त्या स्वयंपाकाच्या बाईंना काढलं. शाळेला कसं कळलं, चिठ्ठी त्यांच्या हातून गेली?"

पांडुरंगराव जमिनीकडे बघत बोलू लागले. "मी विचारायला गेलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात. फादरने चहा पाजला. म्हणाला, नव्या मुलींना घरची ओढ लागते, मग गोष्टी रचतात. एवढा शिकलेला, देवाधर्माचा माणूस. चिठ्ठी त्याने ठेवून घेतली, कुणाच्या हाती पाठवली तेही तीत होतं. मी... मी मागितली नाही परत."

"तुम्ही त्यालाच दाखवलीत," स्मृती म्हणाली.

"वाटलं, खरं असतं तर तो घाबरला असता."

"त्यानंतर तीन वर्षं मी तिथेच होते."

"उद्या कोर्टात विचारलं असतं, चिठ्ठीचं काय झालं. सगळं गाव म्हणालं असतं, बापाला माहीत होतं." त्यांचा आवाज फाटला. "मला भीती वाटली गं."

कुंपणानेच शेत खाल्लं, असं सुधाताई नोकरीत असताना सहज बोलून जायच्या. आज त्यांनी तोंड उघडलं नाही. भिंतीला टेकून तरुण रडत होता. यशोधनला कुठे बघावं ते कळत नव्हतं. स्मृतीच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"ताई," ती म्हणाली, "फादर कोर्टात काय म्हणतोय? त्याला तेव्हा काहीच माहीत नव्हतं?"

"हो. कुणी कधी तक्रारच केली नाही, असं म्हणतोय."

"आणि हे सांगू शकतात, की केली होती."

"हे एकटेच सांगू शकतात. सरकारी वकिलांना आत्ता फोन केला, तर उद्या यांना साक्षीदार करायचा अर्ज देतील."

"करा."

"सीमंतिनी, मला नाही जमणार," पांडुरंगराव म्हणाले. "या वयात, त्या माणसासमोर..."

"मी चौदाची होते, बाबा." तिने पर्स उचलली. "माझी साक्ष उद्या, तुम्हाला बोलावतील तेव्हा तुमची. तरुण, त्या दिवशी यांचा डबा भरून दे. भाकरी नको, दातांना त्रास होतो. कोर्टात दिवसभर बसावं लागतं."